बासष्ट अंकांचा मंगळवार

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर कोंबडीनं माती उकरावी तसं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर हाताला जे येईल ते पडतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर कुणी वाचेलच असं नाही. आमच्या भागाचा वार्ताहर दत्ता गेल्या महिन्यात म्हणाला, "मावशी, आमच्या दिवाळी अंकाला तुमच्या कामाचं लिहून द्या की." मी नको म्हणाले. चार माणसं समोर उभी राहिली तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दत्ता गेल्यावर मात्र वही काढली. लिहून होईल ते आधी या वहीत राहील. द्यायचं की नाही ते नंतर बघू.

मी पेपर विकते. शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. तिथं लिंबाच्या झाडाखाली माझं टेबल. बावीस वर्षं झाली. पुढं भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. माझी निम्मी गिऱ्हाइकं अलीकडची, निम्मी पलीकडची.

या धंद्यात मी ठरवून आले नाही. मालक सणसवाडीच्या कंपनीत कामाला होते. कंपनीची बस पहाटे फाट्यावर यायची आणि मी त्यांचा डबा घेऊन त्यांच्यासोबत जायचे. त्याच वेळी पुण्याहून पेपरची जीप यायची. आधीचा एजंट गाव सोडून गेला होता आणि बंडलं दगडाखाली पडून राहायची. एक दिवस जीपवाला असिफ म्हणाला, "भाभी, तुम्ही रोज हितं असताच. एवढं बंडल बघता का? न्हाई खपलं तर मी नेतो माघारी." त्या दिवशी नऊ पेपर खपले. मालक आता नाहीत, कंपनीची बसही दुसऱ्या रस्त्यानं जाते, पण असिफ अजून येतो आणि मी अजून असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पेपर विकणं म्हणजे कागद देणं आणि पैसे घेणं. तसं नाही. बंडल आलं की दोरी कापायची, मोजायचं, पुरवणी आत घालायची. मग दोन ढीग करायचे. एक टेबलावरचा, जो येईल त्याला विकायचा. दुसरा लाइनचा. लाइन म्हणजे महिन्याची ठरलेली गिऱ्हाइकं, त्यांच्या घरी पेपर गेलाच पाहिजे. अलीकडची लाइन मी चालत टाकते. पलीकडची दुधाच्या टेम्पोतून जाते. टेम्पोवाला एकेक दारात फेकत जातो, आणि नेम असा, की पाऊस असला तरी पेपर ओट्यावरच पडतो. राहिलेले पेपर म्हणजे रिटर्न. रिटर्न जास्त झाला की पुण्याच्या ऑफिसातून फोन येतो, "मावशी, सर्क्युलेशन पडलं." सर्क्युलेशन पडलं की मला वाटायचं, माझंच काहीतरी पडलं.

असे इंग्रजी शब्द या कामात पावलोपावली. मला इंग्रजीची एबीसीडीसुद्धा धड येत नव्हती. पण लाज वाटते म्हणून गप्प बसले असते तर कुणीही टोपी घातली असती. म्हणून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानापासून शब्द लिहायला सुरुवात केली. शब्द कानावर पडला की लिहायचा आणि दत्ता चहाला आला की अर्थ विचारायचा. अर्थ मात्र माझा मी माझ्या भाषेत लिहिते. त्यातले थोडे लिहिते:

डेडलाइन : या वेळेनंतर बातमी म्हणजे शिळा भात.

बायलाइन : बातमीच्या वर वार्ताहराचं नाव. दत्ताला पगार नाही, त्यामुळे हाच पगार.

सोर्स : ज्यानं सांगितलं तो. बातमीत 'सूत्रांनी सांगितले' असं छापतात. निम्म्या वेळा ती सूत्रं म्हणजे मी.

एक्सक्लुझिव्ह : जी बातमी दुसऱ्याला अजून कळलेली नाही. आमच्या फाट्यावर अशी बातमी होत नाही.

दत्ताला ही वही फार आवडते. "मावशी, कॉलेजात आम्हाला याच्यासाठी दोन वर्षं घातली," म्हणतो.

ब्रेकिंग न्यूज हा शब्द आला तो बिबट्यामुळं. उसात बिबट्या दिसला म्हणून टीव्हीवाले गाडी घेऊन आले. पहाटेच्या अंधारात तो मीच पाहिला, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. माईक पुढं आला. मी टेबलाखाली वाकून दोरी शोधायला लागले ती शोधतच राहिले. शेवटी शेजारच्या हॉटेलातले आप्पा पुढं झाले. आप्पांनी आयुष्यात बिबट्या पाहिलेला नाही, उजाडल्याशिवाय ते उठत नाहीत. पण त्यांनी बिबट्याची उंची, रंग, शेपूट, डोळे, सगळं पाव तास सांगितलं. दिवसभर टीव्हीवर आप्पा. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही कवा बघितला?" तर म्हणाले, "तू बघितला ना? मग तुला बोलता येईना म्हणून मी बोललो. शेजारधर्म हाय."

मला हसू आलं, पण आत कुठंतरी टोचलंही. ज्यानं पाहिलं तो गप्प आणि ज्यानं पाहिलं नाही त्याचं छापून येतं. मी गप्प बसण्यात तरबेज होते. तेच पुढं माझ्या अंगाशी आलं. आता तेच लिहायचं आहे. त्याच्यासाठीच वही उघडली.

माझ्या टेबलाला टेकून एक काळा फळा असतो. रोज सकाळी त्या दिवसाची मोठी बातमी मी त्यावर खडूनं लिहिते. एसटीतला माणूस ती वाचतो आणि खिडकीतून पाच रुपये पुढं करतो. माझं अक्षर गावाला माहीत आहे ते त्या फळ्यामुळं. पेन्शनीत निघालेले भोसले गुरुजी रोज आपला लाइनचा पेपर स्वतः न्यायला आले की आधी माझा फळा तपासतात. "सुमन, 'मुख्यमंत्री'तला 'मु' पहिला." मी पुसून पुन्हा लिहिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकते.

तीन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार. उजाडायच्या सुमाराला एक मोठी गाडी टेबलापाशी थांबली. बाळासाहेब उतरला. हे त्याचं खरं नाव नाही, आणि खरं मी लिहिणारही नाही. पुलापलीकडं त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, शिवाय जमिनी घेऊन प्लॉट पाडायचा धंदा. कधी पेपर घेतलेला माणूस नाही तो.

"मावशी, ह्या पेपरचे किती आलेत?" मी घेते त्या चार पेपरांतल्या एकावर त्यानं बोट ठेवलं.

"बासष्ट."

"सगळे द्या."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"आमच्या सायबांचा वाढदिवस हाय. वाटायचेत. हे धरा दोन हजार. मोडीचं राहू द्या, तुम्हालाबी पेढे घ्या."

बासष्ट पेपरचे होतात तीनशे दहा. हातात दोन हजार. बासष्टातले चोवीस टेबलावरचे होते, ते विकायला मला कुणाची हरकत नव्हती. पण अडतीस लाइनचे होते. मी म्हणाले, "लाइनची माणसं बोलतील ओ."

"एक दिवस दुसरा पेपर टाका त्यांना. बातम्या त्याच की."

टेबलावरचा पत्रा गळत होता. ताडपत्री घ्यायची म्हणून मी कधीची पैसे साठवत होते. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक हौस होती. एकोणीस वर्षांत माझा रिटर्न कधी शून्य झाला नव्हता. मी बंडल उचलून त्याच्या डिकीत ठेवलं. मी स्वतः ठेवलं, हे लिहिलंच पाहिजे. लाइनला दुसरा पेपर टाकला आणि वहीत नवा शब्द लिहिला : सोल्ड आउट.

या धंद्यातला पहिला नियम मला असिफनं शिकवला होता. लाइनचा पेपर गिऱ्हाइकाचा असतो, आपल्याकडं तो फक्त वाटेत असतो. त्या दिवशी मी दुसऱ्याची वस्तू विकली.

बाकी कुणी फारसं बोललं नाही. गुरुजी मात्र हटून बसले. ते रोज त्या पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. "मंगळवारचं कोडं मला पाहिजे. उत्तरं बुधवारी आली, पण कोडंच नाही. नुसत्या उत्तरांचं मी काय करू?" रोज तेच. शेवटी मी असिफला म्हणाले, कुठून तरी मंगळवारचा एक अंक आण बाबा. शुक्रवारी त्यानं यवतच्या रिटर्नमधला एक आणून दिला. देताना म्हणाला, "भाभी, मंगळवारी गंमतच झाली. तुमचा आन् पुलापलीकडच्या एजंटाचा, दोनच ठिकाणी पेपर झाडून गेला. यवतला निम्मा रिटर्न, शिरूरलाबी रिटर्न. सायबांचा वाढदिवस तुमच्याच दोन गावांत हुता का काय?"

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. वाढदिवस असता तर पेपरात जाहिरात असती. फोटो, हार, खाली वीस शुभेच्छुकांची डोकी. मी अंक उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही वाढदिवस नव्हता. मग हा माणूस या अंकात काय घेऊन गेला?

माझं वाचन म्हणजे ओळीखाली बोट ठेवून. शिकलेला माणूस पानावरून नजर फिरवतो आणि बारीक अक्षर सोडून देतो. मला तसं येत नाही. मी सुरुवातीपासून एकेक शब्द वाचत गेले. दुपार झाली. आतल्या पानावर बाजारभाव असतात आणि त्यांच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत जाहीर नोटिसा. एकोणीस वर्षांत मी एकही नोटीस वाचली नव्हती. तिसऱ्या नोटिशीवर बोट थांबलं. पुलापलीकडच्या गावाचं नाव होतं. गट नंबर होता. आणि जमीन विकणाऱ्याचं नाव होतं ते लक्ष्मीआक्काच्या दिराचं.

लक्ष्मीआक्का माझ्या लाइनची गिऱ्हाईक. फुलांची शेती करते, शेवंती आणि झेंडू. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिला वाचता येत नाही. पेपर घेते तो बाजारभावासाठी. तिची नात रुपाली रोज सकाळी फुलांचे भाव मोठ्यानं वाचून दाखवते आणि मग आक्का ठरवते, आज तोडा करायचा की उद्या. आक्का कसते ती जमीन तिच्या सासऱ्याची. वाटण्या कागदावर कधी झाल्या नव्हत्या. सातबाऱ्यावर नाव एकट्या दिराचं. आणि नोटीस म्हणत होती की या सगळ्या जमिनीचा व्यवहार ठरला आहे, कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत लेखी कळवावी, नाहीतर हरकत नाही असं समजलं जाईल.

नोटीस बाजारभावाच्या शेजारी होती. रुपालीच्या डोळ्यांसमोर. आणि मंगळवारी त्या घरात तो पेपर गेला नव्हता, कारण तो मी विकला होता.

मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस गेले होते. हातात तीन.

आधी गुरुजींकडं गेले. म्हणाले, "गुरुजी, अंक आलाय, पण तो मी तुम्हाला देऊ शकत नाही. आणि फाडूही देणार नाही." कारण सांगितलं. गुरुजींनी नोटीस दोनदा वाचली. मग पट्टी-पेन्सिल घेतली, कोऱ्या कागदावर कोड्याचे चौकोन आखले आणि सगळं कोडं उतरवून घेतलं. अंक नीट घडी करून माझ्या हातात दिला. "कोडं माझं, नोटीस तिची. जा. चारची एसटी चुकवू नको."

आक्का मळ्यात शेवंती खुडत होती. मी सगळं वाचून दाखवलं. ती खुडायची थांबली नाही. मग एकदम खाली बसली.

"सुमे, माझं कायबी नाव न्हाई व्हय गं त्यात?"

"न्हाई आक्का."

"पन म्या हितं तीस वर्सं..." तिनं ओंजळीतली फुलं पाटीत टाकली. "किती दिस राह्यलेत?"

"तीन."

"मग रडत बसाया येळ न्हाई. उद्या दौंडला."

शनिवारी आम्ही दौंडला वकिलांकडं. मला कुणी ये म्हणालं नव्हतं, पण मी गेले. वकील तरुण होते, कामाचे. म्हणाले, "नोटिशीनं जमीन जात नाही, आक्का. पण हरकत आली नाही की खरेदीखत उरकतात, आणि मग कोर्टात तुमचं निम्मं आयुष्य जातं. अंक आहे का? कात्रण नको, पूर्ण पान हवं, वरची तारीख दिसली पाहिजे." मी अंक पुढं केला. गुरुजींचे उपकार.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही तर रोज पेपर घेता. मग नातीनं कसं पाहिलं नाही?"

आक्का म्हणाली, "मंगळवारी आलाच न्हाई तो. दुसराच आला." आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "त्या दिवशी बंडल कमी आलं होतं."

हे वाक्य मी तीन वर्षं मनातल्या मनात खोडत आले आहे. आक्कानं मान डोलावली. ती माझ्यावर विश्वास ठेवते, म्हणून विचारसुद्धा करत बसली नाही.

सोमवारी हरकत समोरच्या वकिलांच्या हातात दिली, पोच घेतली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी. व्यवहार थांबला.

पंधरा दिवसांनी बाळासाहेब टेबलापाशी आला. या वेळी गाडी लांब लावून. हातात टाइप केलेला कागद.

"मावशी, तुमच्या आक्काच्या वकिलानं लिवलंय, त्या दिवशी अंक गावात पोचलेच न्हाईत. ह्याच्यावर सही करा. मंगळवारी नेहमीप्रमाणं पेपर वाटले, एवढंच हाय."

"वाटले न्हाईत."

"मग कुठं गेले? सांगा की आक्काला. दोन हजाराला कुनी विकले ते सांगा. मी सही घ्यायला आलोय म्हंजी तुमची इज्जत राखायलाच आलोय. सकाळपत्तूर इचार करा."

कागद टेबलावर ठेवून तो गेला. वर वजन म्हणून माझाच दगड ठेवला.

दिवसभर मी त्या दगडाकडं बघत होते. सही केली तर आक्काच्या हरकतीला माझ्याच हातानं भोक पडणार. नाही केली तर आक्काला कळणार, आणि तेही त्याच्या तोंडून. संध्याकाळी दत्ता आला. त्याला मी काही सांगितलं नाही, फक्त एक शब्द विचारला. "दत्ता, चुकीची बातमी छापून आली तर काय करतात?"

"करेक्शन देतात, मावशी. चुकीची दुरुस्ती."

"कुठं देतात?"

दत्ता हसला. "बातमी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. करेक्शन आतल्या पानावर, नोटिसांच्या खाली. नियम असा आहे की तेवढ्याच ठळकपणे द्यावं. करतं कोण?"

मी वहीत लिहिलं. करेक्शन : तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी असिफ बंडल टाकून गेला, तरी मी दोरी कापली नाही. आधी फळा पुसला. ओल्या फडक्यानं, दोनदा. आणि त्या दिवशीची मोठी बातमी म्हणून हे लिहिलं :

तीन आठवड्यांमागच्या मंगळवारी या पेपरचे ६२ अंक मी एकाच माणसाला विकले. त्यात लाइनचे ३८ होते. ते विकायचा मला हक्क नव्हता. बंडल कमी आलं हे मी खोटं सांगितलं. ज्याचा पेपर चुकला त्यानं ५ रुपये परत न्यावेत. सुमन.

त्याचं नाव लिहिलं नाही. ते त्याचं त्यानं लिहावं. ओळी खाली उतरत गेल्या. शेवटच्या ओळीला जागा पुरेना म्हणून नाव फळ्याच्या चौकटीवर आलं.

पहिल्या एसटीतली माणसं खिडकीतून वाचायला लागली. कंडक्टर घंटी मारायची विसरला. आप्पा हॉटेलातून आले, वाचलं आणि माझ्यासाठी चहा आणायला माघारी वळले. मग गुरुजी आले. मी खडू त्यांच्यापुढं धरला. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. खडू घेतला, माझं नाव चौकटीवरून अर्धवट पुसलं गेलं होतं ते नीट गिरवलं, आणि खडू परत दिला. "आज तपासायचं काही नाही," म्हणाले.

बाळासाहेब आठ वाजता आला. कागद तसाच दगडाखाली, बिनसहीचा.

"हे पुसा."

"तुमचं नाव न्हाई त्यात."

"गावाला कळत न्हाई व्हय? पुसा म्हनतो."

"दिवस मावळल्यावर पुसते. रोजची बातमी तवाच पुसते मी." एवढं सलग वाक्य मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. "आन् तुमचे दोन हजार माघारी देनार हाय."

"मला नकोत. मी कवा मागितले?"

त्याला का नको होते ते मला लगेच समजलं. घेतले म्हणजे दिले होते हे कबूल करावं लागलं असतं.

मला ज्याची भीती होती ते दहा वाजता झालं. रुपाली शिरूरला कॉलेजला जायला फाट्यावर उतरते. तिनं फळा वाचला. कॉलेजला न जाता पुढच्या गाडीनं घरी परत गेली. संध्याकाळी आक्का आली. फळ्याकडं तिनं बघितलंही नाही.

"वाचून दाखवलं पोरीनं. पाठ हाय मला." मग म्हणाली, "तू मला वाचवलं, ते मी इसरनार न्हाई. पन वकिलाम्होरं माझ्या तोंडाकडं बघून खोटं बोललीस, तेबी इसरता येत न्हाई. लाइन बंद कर माझी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

फॉलोअप हा शब्द माझ्या वहीत आधीच होता. बातमी एकदा दिली की संपली असं नाही, तिच्या मागं जावं लागतं. मी मागं गेले. कुणी पाच रुपये न्यायला येईना, म्हणून घरोघरी नेऊन दिले. कुणी म्हणालं, "व्याज कुठाय?" कुणी म्हणालं, "पाच रुपयांत काय येतं गं, चहात सोड." मी प्रत्येकाच्या हातावर ठेवल्याशिवाय दारातून हलले नाही. गुरुजींनी पाच रुपये घेतले आणि रीतसर पावती दिली, त्यावर तिकीट तेवढं लावायचं राहिलं. वहीत अडतीस नावं लिहून ज्याला दिले त्याच्यासमोर खूण करत गेले, सदतीस घरं झाली.

दोन हजारांचं अवघड होतं. पैसे ताडपत्रीत गेले होते. कमिशनातून रोज थोडे बाजूला काढत पाचशे जमले की पुलापलीकडं त्याच्या दुकानात जायचं. पहिल्यांदा नोट काउंटरवर ठेवली, त्यानं ती उडवून लावली. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. काउंटरवर पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला होता आणि शेजारी बोलणारा डबा. मलाही फोनवरून पैसे पाठवता येतात, पेपरची बिलं तशीच भरते. दुकानात सिमेंट न्यायला आलेली पाच-सहा माणसं होती. मी फोन काढला, चौकोनावर धरला आणि पाठवले. डबा मोठ्यानं बोलला, पाचशे रुपये मिळाले. सगळ्यांनी वळून बघितलं. एकानं विचारलं, "मावशी, सिमेंट नेताय व्हय?"

मी म्हणाले, "न्हाई. पेपरचे माघारी दिले."

बाळासाहेब वहीत तोंड घालून बसला. असं चार वेळा, आठ महिन्यांत. चौथ्यांदा मी दुकानात शिरताच त्याच्या कामगारानं डब्याची वायर काढायला हात घातला, तर बाळासाहेबच म्हणाला, "राहू दे. वाजू दे." डबा वाजला. मी निघाले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "फिटले, मावशी." मी मान हलवली. माणूस वाईट होता की धंदा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहिले आक्काचे पाच. टेम्पोवाल्याकडं दिले, ते माघारी आले. रुपालीच्या हाती दिले, तिनं टेबलावर ठेवून दिले. पाचाचं नाणं मी एका डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवलं. जवळजवळ तीन वर्षं तिथंच. पुलापलीकडची लाइन बांधताना रोज आक्काच्या घराचा पेपर हातात यायचा आणि मग आठवायचं की तो नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी सकाळी पहिल्या एसटीतून आक्का उतरली. डोक्यावर शेवंतीची पाटी, शिरूरच्या बाजाराला निघालेली. पाटी माझ्या टेबलावर ठेवली, पेपरांच्या वरच. कंबरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला.

"वाच. तू वाचायची. पोरगी वाचती भराभरा, मला पटत न्हाई."

सातबारा होता. मी बोट ठेवून वाचत गेले. दिराचं नाव होतं. त्याच्या खाली दुसरं नाव होतं. ते मी दोनदा वाचलं. आक्कानं माझ्या बोटापाशी स्वतःचं बोट टेकवलं, मातीनं काळं झालेलं.

"हितं हाय व्हय मी?"

"हितं हाय."

तिनं कागद घेतला, घडी घातली. पाटी उचलायला वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, "माझे पाच रुपये दे."

मी खण उघडला. डबीतलं नाणं काढलं. इतक्या वर्षांत एकदाच माझ्याकडं मागायला आली होती, म्हणून नाण्याच्या खाली दहाची एक नोट धरली. आक्कानं नाणं उचललं आणि नोट माझ्या हातात दाबून ठेवली.

"पाचच हुते माझे."

तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं, गाठ दातानं आवळली. मी वहीचं ते पान काढलं आणि अडतिसाव्या नावासमोर खूण केली.